गबदुल्याला घास

दुष्काळ सरला, पण द्वारकाबाईच्या हातातला हातोडा काही सुटला नाही. पावसानं शिवार हिरवं केलं ते शेतवाल्यांचं. जिला शेतच नाही तिनं परंड्याच्या रस्त्याला खडी फोडत बसायचं, आणि तिला आता त्या खडीचा उबग आला होता. तिनं मनाशी गाठ मारली, सोनारीच्या जत्रेत खेळाचं पाल लावायचं. चाललं तर हातोडा मुकादमाच्या पायाशी टाकायचा, नाही चाललं तर सोमवारी पुन्हा खडीवर. सोबत खडी फोडणाऱ्या कडूबाई आणि पुतळाबाई भागीदार झाल्या. त्या काळी जो उठेल तो सोसायटी काढत होता, मग यांनी तरी का मागं राहावं? तिघींचं एकमत झाल्याशिवाय सुतळीचा तोडासुद्धा घ्यायचा नाही, असं ठरलं.

खेळ साधा होता. फळीचं एक सोंग उभं करायचं, त्यानं आ वासलेला, आणि गिऱ्हाइकानं पैसे देऊन लांबून चिंध्यांचा चेंडू त्या तोंडात टाकायचा. गेला की मागच्या पोत्याला बांधलेली बैलाची घंटा वाजणार आणि टाकणाऱ्याला शिट्टी नाहीतर फणी मिळणार. डबडी पाडायचे खेळ जत्रेत ढिगानं असत, त्यामुळे सगळी भिस्त त्या सोंगावर. ते काढायला परंड्याहून मच्छिंद्र पेंटर आला. सोसायट्यांच्या पाट्या रंगवून रंगवून तो स्वतःच चेअरमनसारखा चालायला लागला होता.

त्यानं आधी कोळशानं भिंतीवर राक्षस काढला. शेजारचं कुत्रं त्याच्यावर असं भुंकत सुटलं की राक्षस तिथंच नापास झाला. मग त्यानं एक मिशीवाला गडी काढला. तो बघून तिघी हसून हसून खाली बसल्या, कारण तो हुबेहूब बलभीम मुकादम होता.

"ह्याला तर म्याच दिसभर हानीन," पुतळाबाई डोळे पुसत म्हणाली.

"आन पाल न्हाय चाललं तर सोमवारी कामावर कोन घेनार? ह्योच की," द्वारकाबाई म्हणाली. मुकादम ओल्या फडक्यानं पुसला गेला.

मग सभा बसली. कडूबाईला आपल्या शेळीचे लोंबते कान हवे होते. पुतळाबाई पोटावर अडून बसली. "दुष्काळात कुनाचं सुटल्यालं पोट दिसलं न्हाय, भाऊ. एक तरी बघू द्या." द्वारकाबाईला तोंड ताटलीएवढं पाहिजे होतं, म्हाताऱ्या माणसाचासुद्धा नेम लागला पाहिजे म्हणून. पाट्यांचा उरलेला रंग हिरवा आणि पिवळा, म्हणून अंग हिरवं आणि पोट पिवळं. सगळ्यांचं ऐकता ऐकता शेळी, माणूस आणि बेडूक यांच्या मधलंच काहीतरी उभं राहिलं. कडूबाईनं त्याचं नाव ठेवलं गबदुल्या. अंगणात गल्लीतल्या पोरांनी त्याच्यावर चेंडूंचा मारा केला, घंटा वाजतच राहिली, आणि तिघींना आभाळ ठेंगणं झालं. फक्त डोळे राहिले होते.

"डोळे शेवटी," मच्छिंद्र म्हणाला. "जाग्यावर नेऊन उघडायचे. आमच्या वडलांपासनं रीत हाय."

वडील देवाच्या मूर्ती रंगवायचे. सोंगाला ही रीत कशाला, हे विचारायचं मात्र एकीलाही सुचलं नाही.

जत्रेच्या सकाळी, भैरवनाथाच्या देवळाकडं जाणाऱ्या वाटेवर, मच्छिंद्र आंघोळ करून अनवाणी उभा राहिला आणि गबदुल्याचे डोळे रंगवायला लागला. बघ्यांचा घोळका जमला. डोळे मोठे आणि पाणीदार उतरले, आईची वाट बघणाऱ्या लेकरासारखे. ब्रश बाजूला झाला तशा लोकांनी चपला काढल्या. नवा देव बसवताना डोळे असेच शेवटी उघडतात, हे कुणाला माहीत नव्हतं? कुणी हळद लावली, कुणी नारळ फोडला. पुतळाबाईनं चेंडू पुढं केला तर एक म्हातारी तिच्यावर करवादली, "देवाला चेंडू मारता व्हय गं?"

"देव न्हाय आजी, खेळ हाय. गबदुल्या."

म्हातारीनं त्याला खालवर न्याहाळलं. "नसंल देव. पर लेकरू भुकेलंय की." तिनं फडक्यातली भाकरी मोडली आणि चतकोर त्याच्या तोंडात सरकवला. आत घंटा वाजली. "जेवला," ती समाधानानं म्हणाली.

मग रांगच लागली. भाकरी, गूळ, शेंगदाणे, पेढे. पोतं भरत चाललं आणि चेंडूला कुणी हात लावेना. भुकेल्या तोंडावर नेम धरायचा कसा, असं जो तो म्हणे.

"इतकं चांगलं डोळं काढाय कुनी सांगितलं हुतं?" द्वारकाबाई मच्छिंद्रवर कावली. पण राग तिच्यानं टिकवेना. घरात अशी आ केलेली तोंडं तिनंही बघितली होती. तिला रडू आलं, आणि सोमवार डोळ्यांपुढं दिसायला लागला.

तेवढ्यात गर्दीत मागं अडकलेल्या एका बाईनं लांबूनच पेढा फेकला. तो गबदुल्याच्या कानाला लागून खाली पडला. सगळी गर्दी हळहळली. बाईनं पदर खोचला आणि दुसरा फेकला.

द्वारकाबाई बघतच राहिली. मग तिनं लोकांना दोरीमागं सारलं, एक चेंडू हातावर थापून भाकरीसारखा चपटा केला आणि वर धरला. "मारायचं न्हाय त्याला. ह्यो घास हाय. लांबनं भरवायचा. बघू कुनाच्या हातचा खातुय."

झुंबड उडाली. नेम चुकला की लोक म्हणत, "उपाशी ऱ्हायला गं," आणि त्याला उपाशी ठेवून पुढं जायला कुणाचा पाय निघेना. फण्या दुपारीच संपल्या, तरी कुणी हलेना.

उन्हं कलल्यावर बलभीम मुकादम आला. त्याचा पहिला घास पिवळ्या पोटावर बसला, दुसरा कानावर. तिसरा तोंडात गेला तेव्हा तो पोरासारखा हसला. मग त्याला आपली मुकादमी आठवली.

"द्वारकाबाई, सोमवारी लौकर या खडीवर."

"न्हाय जमायचं, मुकादम," द्वारकाबाई म्हणाली. "खानारं तोंड वाढलंय घरात."

त्या दुष्काळात बायका हेच सांगून त्याच्याकडं काम मागायला यायच्या. काम नको म्हणायला हेच कारण त्यानं पहिल्यांदा ऐकलं. त्यानं आणखी एक घास मागून घेतला.