भोंग्याचा कर्णा झाला

मी भोंगा बोलतोय. म्हणजे आजवर माझ्यातून दुसरेच भुंकले, कण्हले, रडले. आज मी स्वतः दोन शब्द बोलेन म्हणतो.

तुम्ही मला पाहिलं असेल. ऑपरेशन झालेल्या कुत्र्याच्या गळ्यात प्लॅस्टिकचं एक भलंमोठं नरसाळं बांधलेलं असतं. त्यातून त्याचं केविलवाणं तोंड डोकावत असतं आणि रस्त्यावरची माणसं "अय्या, बिचारा!" म्हणत मोबाइल बाहेर काढतात. ते नरसाळं म्हणजे मी. कुत्र्याने टाके चाटू नयेत, कुरतडू नयेत, एवढ्यासाठी माझा जन्म. डॉक्टर मला कॉलर म्हणतात, दुकानदार कोन म्हणतो. कुत्रा काय म्हणतो ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

एका कारखान्यात प्लॅस्टिकच्या मोठ्या तावातून आम्ही सगळे कापले गेलो. माझे काही भाऊ फायलींची कव्हरं झाले आणि कचेऱ्यांत जाऊन निवांत लोळत पडले. मला एका कडेला बटणं बसवली, दुसऱ्या कडेला भोकं पाडली. पसरला तर अर्धचंद्र, गुंडाळला तर भोंगा. बटण ज्या भोकात लावाल तेवढा लहान नाहीतर मोठा. अर्धचंद्रही मीच आणि गळ्यात पडणाराही मीच, तेव्हा जगात माझं स्वागत कसं होणार ते मला जन्मतःच कळून चुकलं.

पहिला मुक्काम पाळीव प्राण्यांच्या दुकानात पडला. काय ते वैभव! केस रेशमी करणारा शाम्पू, पंजांचं मलम, कोंबडीच्या चवीची टूथपेस्ट, माशाच्या तेलाच्या गोळ्या. शेजारीच डॉक्टरीणबाईंचा दवाखाना. तिथून माणसं कुत्र्याला ओढत बाहेर यायची आणि कुत्रं माणसांना ओढत दुकानात शिरायचं. एक बाई आपल्या पिंपासारख्या कुत्र्यासाठी भूक वाढवणारं टॉनिक मागायला आल्या होत्या. डॉक्टरीणबाई नेमक्या कापूस घ्यायला आलेल्या.

"याला टॉनिक नको हो, सकाळ-संध्याकाळ फिरायला न्या," त्या म्हणाल्या.

"फिरवायला वेळ कुणाला आहे, डॉक्टर? त्यापेक्षा टॉनिक बरं."

टॉनिक खपलं. दुकानदाराने डॉक्टरीणबाईंना चहा पाजला.

मी मात्र मागच्या खुंटीवर धूळ खात होतो. हौसेने मला घ्यायला कुणी येत नाही. माझी आठवण होते ती पाणी डोक्यावरून गेल्यावर.

तसं ते एका घरात गेलं. त्या घरातल्या कुत्र्याचं नाव मंत्री. त्याच्याकडे खातं कुठलंच नव्हतं, पण तो खायचा सगळं. चपला, उशांचा कापूस, रिमोटची बटणं. घरात तो सोडून माणसं तीनच. मुलगा विमा कंपनीत नोकरीला. लोकांच्या अपघातात खोट कशी काढायची हे त्याचं काम. सून चष्म्याच्या दुकानात, दिवसभर परक्यांना "आता नीट दिसतंय का?" विचारायची. आणि मुलाचे वडील, बाबा. बाबांनी कोर्टात लघुलेखक म्हणून नोकरी केली होती. वकील, न्यायाधीश, साक्षीदार बोलायचे आणि बाबा ते शब्द न् शब्द उतरवून घ्यायचे. हयात दुसऱ्यांचं ऐकण्यात गेली, म्हणून की काय, म्हातारपणी कानांनी राजीनामा दिला. मग कानाचं मशीन आलं. टीव्हीवर बातम्यांचा आरडाओरडा सुरू झाला की बाबा ते काढून टीपॉयवर ठेवत आणि डोळे मिटून बसत.

एका संध्याकाळी त्यांनी डोळे उघडले तेव्हा मशीन नव्हतं. मंत्री जिभल्या चाटत होता.

दवाखान्यात एक्स-रे निघाला. डॉक्टरीणबाईंनी तो उजेडाकडे धरला. "मशीन चावून गिळलंय, पण त्यातला सेल हा बघा, आत तसाच आहे. तो फुटला तर पोट आतून भाजून निघेल. आत्ताच कापावं लागेल."

"पण खायला याला तेच सापडलं?" मुलगा वैतागून म्हणाला.

"कानातल्या मळाचा वास. कुत्र्यांना फार आवडतो."

बाबांना यातलं काही ऐकू आलं नाही. ते मंत्र्याच्या डोक्यावर हात ठेवून एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिले. शेवटी सुनेने त्यांच्या तळहातावर बोटाने दोन अक्षरं काढली, 'पोट'. बाबांनी मान हलवली आणि टेबलावर चढवेपर्यंत मंत्र्याचा पंजा सोडला नाही.

मंत्री वाचला. मी दुकानातून निघालो आणि त्याच्या गळ्यात पडलो.

पहिले काही दिवस आमचं बिलकुल पटलं नाही. तो दारातून जायचा, मी चौकटीला अडायचो. तो पाणी प्यायला वाकायचा, मी फरशीवर आपटायचो. पण कौतुक पाहावं तर मंत्र्याचं! मऊ गादी आली, जखमेवर फवारायचं औषध आलं, गोळी लपवून द्यायला खास खाऊ आला. सून कामावरून आली की पर्स न ठेवता आधी त्याच्यासमोर बसायची. "दुखतंय का माझ्या राजाला? कंटाळा आला का एकटं बसून? मला सांग ना, काय होतंय ते!" आणि मग आपलंही सांगायची. दुकानातलं कोण काय बोललं, पाय किती दुखतायत, मनात काय चाललंय. कुत्र्याला यातलं 'खाऊ' सोडून काही कळत नव्हतं. ज्याला सगळं कळलं असतं तो माणूस दोन हातांवर खुर्चीत बसलेला होता आणि त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं.

सुरुवातीला बोलले, नाही असं नाही. मुलगा ओरडून ओरडून बोलला, त्याचा घसा बसला. मग खुणा सुरू झाल्या. जेवायला चला, आंघोळ करा, झोपा. बघता बघता बाबांशी होणारा सगळा संवाद एवढ्या तीन खुणांत बसायला लागला. नवं मशीन आणायचं होतंच. "बदलीचं एकदा नक्की होऊ दे, मग बघू," मुलगा म्हणायचा.

बदलीची भानगड अशी होती की कंपनी त्याला दुसऱ्या शहरात पाठवणार होती. तिथलं घर लहान. त्या इमारतीत कुत्रा चालत नाही आणि बाबांना चढायला जिने फार. मग बाबांसाठी एक वृद्धाश्रम बघितला होता. हे सगळं बोलणं बाबांच्या देखत चालायचं, कारण ऐकू येत नसणाऱ्या माणसापासून लपायचं कशाला? फक्त तोंडावर काही दिसू नये म्हणून दोघं हसत हसत बोलत.

"तिथे डॉक्टर रोज येतो म्हणे," मुलगा दात दाखवत म्हणायचा.

"आणि बाबांना सांगणार कोण?" सून त्याहून गोड हसून विचारायची.

"आपण नको. तिथलाच कुणीतरी समजावेल."

मंत्र्याच्या गळ्यात बसून मी ते ऐकायचो. माझा आकारच असा, की समोरचा आवाज गोळा होऊन सरळ आत येतो. बाबा दोघांकडे बघून स्वतःही हसायचे. पण हा माणूस कोर्टात मुरलेला. लग्नाला इतकी वर्षं झालेलं जोडपं एकमेकांकडे बघून एवढं हसायला लागलं, तर पाणी कुठेतरी मुरतंय हे त्यांनी ओळखलं होतं.

टाके निघाले आणि मला बाबांच्या खोलीतल्या कपाटावर टाकून दिलं. गरज सरो, वैद्य मरो. इथे वैद्यबाई ठणठणीत होत्या, माझ्यावरच पाळी आली. एका दुपारी बाबांनी काठीने मला खाली ओढलं. उलटसुलट करून बघितलं. बटणं काढली, मला घट्ट गुंडाळलं आणि शेवटच्या भोकात बटण लावलं. मग माझं निमुळतं टोक कानाशी धरून ते खिडकीपाशी गेले. खाली कुणीतरी गालिचा झटकत होतं. बाबा दचकले. मग त्यांनी मला मंत्र्याच्या तोंडाशी नेलं. मंत्री मला बघून आधी पलंगाखाली पळाला. गोंजारून बाहेर काढल्यावर नाक फेंदारून माझ्यात एक मोठा उसासा सोडला. बाबांनी तो सगळा ऐकला. त्यांचे डोळे भरून आले.

"अरे, तू तर कर्णा आहेस!" ते मला म्हणाले.

आजवर मला कुणी चांगलं नाव ठेवलं नव्हतं.

रविवारी सकाळी टेबलावर चहा आणि टोस्ट होते. मुलगा हसत म्हणाला, "त्यांचा फोन आलेला. खोली रिकामी झाली. उद्यापर्यंत कळवायचंय."

"आणि मंत्र्याचं काय?"

"त्याच्यासाठीही एक जागा बघितलीय. तिथे म्हणे एसी आहे."

"हसत बोल, बाबा बघतायत."

बाबा उठले, खोलीत गेले आणि मला कानाला लावून परत आले. मुलाला आता खरंच हसू फुटलं. "बाबा, अहो, ते कुत्र्याचं आहे!"

"माझं त्याने खाल्लं, त्याचं मी घेतलं. फिट्टंफाट," बाबा खुर्चीत टेकत म्हणाले. "हां, बोल. काय म्हणत होतास?"

मुलाने सुनेकडे पाहिलं, सुनेने किटलीकडे. मुलगा खुर्ची ओढून जवळ आला, माझ्या तोंडाशी वाकला. "चहा गार होतोय, म्हटलं."

"ते नाही. त्याच्या आधीचं."

"मशीन आणू या म्हटलं. उद्याच आणू."

बाबांनी एक हात वर केला. कोर्टात साक्षीदार पुटपुटला की ते असाच हात वर करत असणार. "त्याच्याही आधीचं. सावकाश सांग, घाई नाही."

टेबलाच्या पलीकडून हसत बोलणं सोपं असतं. माझ्यात बोलायचं तर माणसाला कानाशी यावं लागतं, आणि इतक्या जवळून हसू टिकत नाही. मुलाचा चेहरा माझ्या तोंडापाशी आला तेव्हा तो मला वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोरासारखा दिसला. तो फार हळू बोलला, पण माझ्यात कुजबुजही वाया जात नाही.

"तुम्हाला वृद्धाश्रमात ठेवायचं म्हणत होतो. चांगलं आहे तिथे, बाबा. बाग आहे."

बाबांनी मला कानाशी नीट धरलं. "असेल. मग मला का नाही विचारलंस?"

"तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून…" मुलगा म्हणाला आणि आपलंच वाक्य ऐकून थांबला.

"कान गेलेत माझे. जीभ आहे अजून. विचारलं असतंस तर उत्तर दिलं असतं."

"काय दिलं असतं?"

"नाही म्हणून."

ते चिडून बोलले नाहीत. चहात साखर नको म्हणावं तसं म्हणाले. मंत्री टेबलाखालून बाहेर आला, त्याने सगळ्यांकडे बघितलं आणि कुणाचंच लक्ष नाही असं पाहून एक टोस्ट पळवला.

मग सून उठली. बाबांच्या दुसऱ्या बाजूला बसून तिने मला आपल्याकडे वळवून घेतलं. ती जे बोलली ते मी कितीदा तरी ऐकलं होतं, पण तेव्हा मी कुत्र्याच्या गळ्यात होतो.

"बाबा, मलाही नाही जायचं. माझं काम इथे आहे. मी रोज मंत्र्याला सांगते हे. तुम्हाला सांगायला हवं होतं."

बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, अगदी दवाखान्यात मंत्र्याच्या डोक्यावर ठेवला होता तसाच.

"काय म्हणाली ती?" मुलाने विचारलं.

बाबांनी मला कानावरून काढलं आणि मुलाच्या हातात दिलं. "तिलाच विचार. आणि हे घे, तुलाही लागेल."

बदली काही टळली नाही. मुलगा एकटा गेला, सुट्टीच्या दिवशी येतो. सून, बाबा आणि मंत्री इथेच आहेत. निघण्यापूर्वी मुलाने स्वतः जाऊन बाबांसाठी नवं मशीन आणलं. इतकं बारीक आहे की कानात दिसतही नाही. त्याने बाबांना स्वयंपाकघरातली कुकरची शिट्टीसुद्धा ऐकू येते. आता गंमत बघा. सगळं ऐकू यायला लागल्यावर घरातल्यांना वाटतं, बाबांना कळतंच आहे की! मुलगा सुट्टीला आला की मोबाइलमध्ये डोकं घालून "हं" म्हणतो. सून आतल्या खोलीतून अर्धं वाक्य फेकते आणि उरलेलं अर्धं विसरते. असं फार व्हायला लागलं की बाबा गुपचूप मशीन काढून डबीत ठेवतात, मंत्र्याच्या भीतीने डबी कपाटात ठेवतात, आणि माझ्याकडे हात करतात. मग ज्याला बोलायचं असेल त्याला झक मारत उठून जवळ यावं लागतं.

मी जेवणाच्या टेबलाशेजारी खिळ्याला लटकलेला असतो. कडेला मंत्र्याच्या दातांच्या खुणा आहेत, बटण एक सैल झालंय. पाहुणे विचारतात, "हे कुत्र्याचं इथे का लावलंय?" सून त्यांच्यापुढे टोस्ट सरकवते. 

तुम्हाला हात जोडून एकच सांगणं आहे. मला हात नाहीत, तेव्हा तुमचेच जोडलेत असं समजा. तुमच्या कुत्र्या-मांजरांना जपा. त्यांना रोज फिरायला न्या, सेल आणि सुया त्यांच्या तोंडाला लागतील अशा ठेवू नका, आणि त्यांच्याशी खुशाल गप्पा मारा, त्यांना आवडतं. फक्त गप्पा मारून झाल्या की खोलीत दुसरं कुणी बसलंय का, तेवढं मान वळवून बघा. मान वळवता येते तुम्हाला. तुमच्या गळ्यात कुठे मी आहे?