माझ्या तोंडातल्या चिंध्या

मित्रांनो, मी फणसाच्या लाकडाचा एक जुना ठोकळा आहे. आतून पोकळ, पोटावर एक उभी फट आणि मान दोरीला बांधलेली. इथले लोक मला केंतोंगन म्हणतात. जकार्ता शहरात कालव्याच्या काठाला दुकू गल्ली आहे. तिच्या तोंडाशी पहाऱ्याची चौकी आहे, आणि त्या चौकीच्या वाशाला मी टांगलेला आहे. ठोकळा म्हणून मला हसू नका. या गल्लीत माझ्याइतके ठोके कोणी खाल्लेले नाहीत.

माझे मूळ तगलकडच्या एका खेड्यातले. तिथला कासनो सुतार पोट भरायला जकार्ताला निघाला, तेव्हा अंगणातल्या वठलेल्या फणसाचा एक ओंडका खांद्यावर घेऊन निघाला. "लोक गावाहून तांदूळ नेतात, तुम्ही न्या लाकूड!" असे त्याची बायको म्हणाली होती. त्याने मला कोरले, पोखरले, धुरावर धरून वाळवले. माझी भाषा गल्लीला त्यानेच शिकवली. कोणी वारले तर एकेक ठोका, सावकाश. चोर आला तर दोन-दोन. कालव्याला पूर आला तर तीन-तीन. आणि आग लागली तर न थांबता, हात गळून पडेपर्यंत.

त्या काळी माझा मोठा मान होता. एका पुरात मी वाजलो म्हणून बायका पोरांना घेऊन वेळेवर छपरांवर चढल्या. दरवर्षी स्वातंत्र्यदिनाला मला झेंड्याचा लाल-पांढरा रंग मिळायचा आणि गल्लीप्रमुखाच्या भाषणात माझे नाव यायचे. खोटे कशाला बोलू, ते ऐकायला मला आवडायचे.

मग गल्ली भरत गेली. बाजूला जागा नव्हती, म्हणून घरे वर चढली. विटांवर फळ्या, फळ्यांवर प्लायवूड. समोरासमोरच्या खिडक्यांतून लोक एकमेकांना मीठ देऊ लागले. खाली शिवणाचे कारखाने आले. खोल्या एवढ्याशा आणि माणसे ढीगभर, त्यामुळे लोक पाळीपाळीने झोपू लागले. एक कामावर गेला की त्याच्या अजून ऊबदार चटईवर दुसरा आडवा व्हायचा. भर दुपारी अर्धी गल्ली वरच्या मजल्यांवर झोपलेली असते. म्हणून दुकू गल्लीत दिवसा कोणी मोठ्याने भांडले, तर त्याला आधी हळू भांडायला सांगतात.

माझ्याच खाली माक मिनाहची गाडी असते. माक म्हणजे आई. तिला सगळेच माक म्हणतात. उकडलेल्या भाज्यांवर दगडी बत्त्याने वाटलेली शेंगदाण्याची चटणी घालून ती विकते. तिचा मुलगा जुनेदी रात्रभर शिलाई मशीनवर बसतो आणि दिवसा गल्लीच्या आतल्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर झोपतो. शाळा सुटली की पोरे मला बडवून मग घरी जायची. एका दुपारी जुनेदी लुंगी सावरत, लाल डोळ्यांनी खाली आला.

"माक, हा ठोकळा एकदाचा चुलीत घाल! उशी डोक्यावर घेतली तरी कवटीत वाजतो."

"लग्न कर रे जुनेदी," शेजारीण हसत म्हणाली, "मग झोप काय असते तेच विसरशील!"

सगळे हसले, पण माक हसली नाही. पोराच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळे तिला बघवत नव्हती. त्याच दिवशी तिने कारखान्यातून उरलेल्या कापडाच्या चिंध्या आणल्या आणि माझ्या फटीतून आत कोंबल्या. पळीच्या दांड्याने ठासून ठासून भरल्या. पोरांनी टिपरू मारून पाहिले, तर नुसते 'थप्प' झाले.

"गप बस, बाबा," माझ्या पोटावर थोपटून माक म्हणाली. "वर माणसं झोपलीत."

गल्लीप्रमुख पाक समसूरी तिथेच चटणीची वाट बघत बसले होते. पाक म्हणजे बाबा, वडीलधाऱ्याला मानाने म्हणतात तसे. त्यांनी चौकीत नुकताच विजेचा सायरन बसवून घेतला होता. "बरं केलंस माक," ते म्हणाले. "आता कळ दाबली की काम झालं. म्हाताऱ्याला आराम करू दे."

मला दोघांचाही राग आला नाही. चिंध्या मायेनेच भरल्या होत्या. पण तोंडात बोळा घेऊन लटकताना मला रोज भीती वाटायची. माझे टिपरूही कोणीतरी ताडपत्रीला टेकू म्हणून नेले. विचारायचे कोणाला आणि कसे?

मग ती दुपार आली. ऊन कडक होते, वारा कालव्याकडून गल्लीत शिरत होता. मधल्या कारखान्यात इस्त्रीची तार प्लायवूडच्या आड तापत राहिली आणि भिंतीने पेट घेतला. आधी वास आला. मग काळा धूर गल्लीभर पसरला.

"मेन बंद करा! मेन!" पाक समसूरी ओरडले आणि धावले.

ही या गल्लीची जुनी सवय. इथे आग तारेतून येते, म्हणून पाण्याच्या आधी वीज तोडायची. ते बरोबरच होते. सगळे पंखे, मशीन, दिवे एका झटक्यात थांबले. मग पाक धापा टाकत चौकीत आले आणि त्यांनी सायरनची कळ दाबली. पुन्हा दाबली. पुन्हा दाबली.

"अरे, वाज ना!"

सायरनही त्याच मीटरवर होता, हे एवढ्या दिवसांत कोणाच्या डोक्यात आले नव्हते. 

खाली लोक ओरडत होते. पण दुकू गल्लीत ओरडा रोजचाच, त्याने रात्रपाळीवाला कूसही बदलत नाही. धूर आतल्या टोकाकडे सरकत होता. जुनेदीच्या खोलीचा जिना त्या धुरात दिसेनासा झाला. माक तिकडे धावली, तेव्हा दोघांनी तिला कंबरेला धरून मागे ओढले.

"सोडा मला! माझं पोर झोपलंय वर!"

"जिना पेटलाय, माक! तू जाऊन काय करणार?"

"अगं, छपरावरून निघेल तो," पाक म्हणाले. "पण उठला तर!"

माकने एकदम माझ्याकडे पाहिले.

ती गाडीवर चढली आणि माझ्या फटीत बोटे घालून चिंध्या ओढू लागली. तिनेच इतक्या ठासल्या होत्या की निघता निघेनात. एक चिंधी तुटून हातात आली. दुसरी आली, तिच्यामागे पीळ पडलेला मोठा बोळा अडकला. तिची नखे माझ्या लाकडाला ओरबाडत होती. मित्रांनो, माझा सारा जन्म बोलण्यात गेला, पण बोलण्यासाठी मी इतका कधी तळमळलो नव्हतो.

शेवटी बोळा सुटला. टिपरू तर नव्हते. माकने गाडीवरचा दगडी बत्ता उचलला, शेंगदाण्याची चटणी लागलेला तसाच.

"फुटेल तो, माक!" कोणीतरी ओरडले.

"फुटू दे!"

पहिल्याच घावाला माझ्या पाठीतून कळ गेली. पण आवाज निघाला. पंखे बंद, मशीन बंद, आणि त्या शांततेत माझा आवाज फळीफळीतून वर गेला. न थांबता, कासनोने शिकवला तसा. वर एक पत्रा हलला. एक डोके बाहेर आले. मग दुसऱ्या छपरावर बायका दिसल्या, कडेवर मुले. माणसे एका छपरावरून दुसऱ्यावर उतरू लागली, खालचे हात देऊ लागले. माक प्रत्येक चेहरा बघत होती आणि मारत होती. तिसऱ्या मजल्यावरची खिडकी मात्र तशीच होती. मग त्या खिडकीतूनही ज्वाळा बाहेर आली.

माकच्या हातातून रक्त येत होते. माझ्या पाठीची चीर वरपर्यंत गेली होती. "आता थांब, माक," पाक समसूरी हळूच म्हणाले. ती थांबली नाही. मीही थांबणार नव्हतो.

तेवढ्यात तिच्या मागून, कालव्याच्या बाजूने, एक घोगरा आवाज आला.

"माक, हळू की. माणसं झोपलीत."

काजळीने काळाकुट्ट झालेला जुनेदी लुंगी धरून उभा होता. मागच्या छपरांवरून तो कालव्याकडे उतरला होता. माकने बत्ता त्याच्यावर उगारला, मग हातातून टाकून दिला आणि त्याच्या गळ्यात पडून मोठमोठ्याने रडली.

बंब मोठ्या रस्त्यावरच अडकला होता. पाईप ओढत आणेपर्यंत गल्लीचा मधला भाग जळून गेला. घरे गेली, मशिनी गेल्या. माणसे सगळी राहिली.

मी आता फुटका आहे. माझा आवाज म्हाताऱ्याच्या खोकल्यासारखा येतो. पाक समसूरींनी नवा केंतोंगन आणायचे ठरवले, तेव्हा जुनेदीनेच मला तारेने आवळून बांधले. "नवा आणा, पण याच्या शेजारी टांगा," तो म्हणाला. "मला याच्याच आवाजाची सवय आहे."

मित्रांनो, धोक्याची सूचना देणारे कोणीतरी तुमच्याही दारात टांगलेले असेल. त्याचा आवाज कानाला गोड नसतो, झोपही मोडतो. म्हणून त्याच्या तोंडात बोळा कोंबू नका. झोपलेल्यावर माया असेल, तर त्याला उठवणाऱ्यालाही जपा.

माक मिनाह रोज गाडी लावण्याआधी माझ्या फटीत हात घालते. पोरांनी टाकलेले चॉकलेटचे कागद, सुपारीएवढा खडा, जे असेल ते काढते. पोट रिकामे आहे याची खात्री झाली, की मगच ती शेंगदाणे वाटायला बसते.