मामाच्या कापसाची गादी

मित्रांनो, मी एक जुनी गादी आहे. जुनी म्हटलं की तुम्ही नाक मुरडाल, म्हणून आधीच सांगते, माझ्यात फोम नाही, स्प्रिंगा नाहीत. आहे तो निव्वळ सौंसरचा कापूस, आणि तोही कवडूमामांच्या वावरातला. धाकट्या बहिणीला, प्रेमलताबाईंना, लग्नात आंदण द्यायचं म्हणून मामांनी तो स्वतः निवडला आणि लोधीखेड्याच्या पिंजाऱ्याकडून मला भरून घेतलं. तेव्हा माझा तोरा काय सांगू! पाहुणे आधी मला दाबून बघायचे, मग नवरीकडे वळायचे.

पुढे घरात फोमची गादी आली आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. उंदरांनी माझ्यात बाळंतपणं उरकली. मी म्हटलं, असू दे. कोणाच्या तरी उपयोगी पडत होते ना!

मग प्रेमलताबाईंची लेक उर्वशी पुण्याहून शियात्सू शिकून आली. ही जपानी विद्या. तेल नाही, पलंग नाही. माणसाला कपड्यांसकट जमिनीवरच्या गादीवर निजवायचं आणि अंगठ्यांनी, तळव्यांनी, कोपरांनी दाब द्यायचा. फोम दाबाखाली खचतो, म्हणून माझी आठवण झाली. पुन्हा पिंजून, ऊन दाखवून मला बैठकीत अंथरलं. वडिलांनी मात्र उर्वशीला बजावलं होतं, दिवाळीपर्यंत गिऱ्हाईक लागलं नाही तर हा खेळ गुंडाळायचा आणि पुण्याला नोकरी धरायची. गुंडाळायचं म्हणजे मलाच की! मला माळा दिसू लागला.

उर्वशी घाईने दाबायला बसत नसे. माणूस दारातून कसा चालत येतो ते आधी बघायची. झोप लागते का, पोट साफ होतं का ते विचारायची, जीभ बघायची. मग पोटावर हलका तळवा ठेवून कुठे ताठरलंय, कुठे पोकळ झालंय ते चाचपायची. त्यानंतरच कुठून कुठवर दाब द्यायचा ते ठरवायची. आमच्या गावाला एवढा धीर कुठला? एकदा आलेले लोक म्हणत, "बिमारी आम्ही कायले सांगू? डॉक्टर तू हायस का आम्ही?" आणि परत येत नसत.

शेवटी भाचीची लाज राखायला कवडूमामा आले. डावा पाय ओढत होते. तिने विचारलं तर म्हणाले, "चप्पल नवीन हाय. दुखते फक्त खांदा, माय."

मामाच्या शब्दावर कोण शंका घेणार? तिने खांद्याचा बेत आखला. खांदा दाबून घेऊन मामा बाहेर पडले आणि पानठेल्यापर्यंत लंगडत गेले. पुढच्या खेपेलाही तेच. गावात बातमी पसरली की प्रेमलताच्या पोरीनं मामाचा पाय मोडला. मामा भेटेल त्याला सांगत, "माही भाची लय हुशार हाय," आणि कण्हत पुढे जात. अशी जाहिरात वैऱ्याचीही होऊ नये.

त्यानंतर एकदा मामा उठले आणि उर्वशी चादर झटकायला वाकली, ती तशीच थांबली. माझ्या उजव्या अंगाला कुल्ल्याचा खोल खड्डा पडला होता. डावीकडे मी जशीच्या तशी फुगलेली. मामा सगळा वेळ डावी बाजू उचलून पडले होते! उर्वशीने खड्ड्यावरून हात फिरवला. मी जन्मात एवढं स्पष्ट कधी बोलले नव्हते.

"मामा, खरं सांगा. डाव्या कमरेतून पायात कळ जाते ना?"

मामा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाले, "जाते. पार अंगठ्यापर्यंत."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"तू पायाले हात लावला असता ना! भाचीनं मामाच्या पायाले हात लावला तं मामाले पाप लागते. आपल्याकडं मामा भाचीच्या पाया पडते. आता तेबी जमत नाही. या राखीले तुह्या पाया न पडताच घरी गेलो. लय वाईट वाटलं, माय."

मामांचे डोळे भरून आले. मलाही भरून आलं. शेवटी मी त्यांच्याच वावरातली.

उर्वशी म्हणाली, "मी तुमच्या पायाले हात लावते. वाकता आलं का मंग तुम्ही माह्या पाया पडा. फिट्टंफाट."

पाप फेडायची सोय आहे म्हटल्यावर मामा आडवे झाले. नवा बेत कमरेपासून मांडीच्या बाहेरून घोट्यापर्यंत आणि तिथून अंगठ्यापर्यंत. दाब पावलावर आला की मामा डोळे मिटून ओरडत, "जामसांवलीच्या हनुमंता, माफ कर!" रस्त्यावरच्या लोकांना वाटे, आता दुसराही पाय गेला.

हळूहळू मामांचा हात गुडघ्याखाली जाऊ लागला. दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी, भर ओट्यावर, पानठेल्यासमोर मामा वाकले आणि त्यांनी भाचीच्या पायांवर डोकं ठेवलं. ठेवलं ते वर येईना. पानवाल्याचा हात कातावर थांबला. वडील आतून धावत आले.

"मामा, अडकले काय?" उर्वशीने वाकून विचारलं.

खालून उत्तर आलं, "नाही वो. मांगचं सारं पाप फेडून राहिलो. हालू नोको."

आणि फेडून झाल्यावर मामा ताठ उभे राहिले. दुसऱ्या दिवशी ओट्यावर चपला मावेनात. वडीलही येऊन माझ्यावर पडले, "दुखत काही नाही, सहज पाहतो," म्हणत. उर्वशीने त्यांना चहाला पाठवलं आणि माझ्यावर उमटलेला त्यांचा खड्डा बघितला.

म्हणून मित्रांनो, घरातल्या जुन्या गादीला माळ्यावर टाकू नका, अधूनमधून ऊन दाखवा. आणि कुठे दुखतं असं कोणी मायेने विचारलं तर खरं सांगा. तुम्ही उठून गेलात तरी तुमचा खड्डा माझ्यापाशीच राहतो.