बारीक चौकडी

"पांढरं नको, जरीची चमचम नको, अन् बारीक चौकडी तर अजिबातच नको. पडद्यावर मुंग्या चालल्यासारखी दिसते."

टीव्हीवाल्या साहेबांनी काल बजावलेलं मनाशी घोकत वच्छलाबाई साड्या वेगळ्या काढत होत्या. विणकर सोसायटीच्या महाल भागातल्या दुकानात आज कॅमेरा यायचा होता. हातमागाच्या साड्या नेसून मुली चालून दाखवणार. कोणी काय नेसायचं ते बाईंनी ठरवायचं. गर्द निळी ताराला, मोरपंखी कौशल्याला. गठ्ठ्याच्या तळाशी म्हाताऱ्या नत्थूजींनी विणलेली साडी निघाली. डाळिंबी करवती काठ आणि राखाडी अंगावर तांदळाच्या दाण्याएवढी चौकडी. बाईंनी तिच्यावरून हात फिरवला आणि ती बाजूला ठेवली.

नत्थूजी दारातच उभे होते. धोतर धुतलेलं, टोपीला कडक इस्त्री.

"माही साडी कोणाले देल्ली जी?"

बाईंना खोटं बोलवेना. "कॅमेऱ्याला चौकडी चालत नाही म्हणतात."

"काहून? त्याचे डोये बी माह्यासारखे झाले का?" नत्थूजी हसले. मग टोपी काढून त्यांनी हातात घेतली. "टीव्हीचं जाऊ द्या, बाई. मले ते नेसलेली पाहाची होती. मागावरून उतरली का घडी होते अन् व्यापारी घेऊन जाते. घरच्या बाईच्या अंगावर मिलचं पातळ. आपली चौकडी चालताना कशी हालते, कधी पाह्यलंच नाही. अन् आता दिसनं बी कमी होऊन राह्यलं."

"आज पाहाल," बाई म्हणाल्या. "घरीच राहा. उजेड असेतोवर येते."

बोलून गेल्यावर त्यांना आठवलं, नेसणार कोण?

कॅमेरा आला, दिवे लागले, मुली चालल्या. तार गुंडाळून माणसं गेली तेव्हा उन्हं कलली होती. कौशल्या तर कधीच निघून गेली होती. तारा आरशापुढे तोंडाची पावडर पुसत होती. बाईंनी तिला सगळं सांगितलं.

"मावशी, माझी काटोलची बस आहे. चुकली तर बाबा ओरडतात. तुम्हीच नेसा ना."

"माझा नेम आहे वं. चातुर्मासात कोरं कापड अंगाला लावत नाही."

ताराने घड्याळाकडे पाहिलं, मग साडीकडे. तोंडात पिना धरून तिने हात पुढे केला.

"द्या इकडे. घडी मी मोडते. मी नेसल्यावर मग कोरी कशी राहील?"

"देवाशी हुशारी करते का?"

"देवाला सांगा, तारानं केली."

भराभरा निऱ्या घालून ती काउंटरपासून आरशापर्यंत गेली, मघा कॅमेऱ्यापुढे चालली होती त्याहून सावकाश परत आली. आपल्या पायांकडे बघत क्षणभर थांबली. मग साडी सोडून बाईंच्या हातात दिली, स्वतःचे कपडे चढवले आणि पिशवी उचलून बसस्टँडकडे पळाली.

बाई देवाच्या तसबिरीपुढे उभ्या राहिल्या. हात जोडले. मग मागच्या खोलीत जाऊन त्यांनी दार लोटलं. नेसताना साडी अजून ताराच्या अंगाची ऊब धरून होती.

दुकानाला कुलूप घालून त्या नत्थूजींच्या घराकडे, तांडापेठेच्या रस्त्याला लागल्या. एरवी दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढलेला पदर आज त्यांनी पाठीवर मोकळा सोडला होता. पानठेल्यावरच्या दोघांनी वळून पाहिलं. बाईंची मान खाली गेली, पण पदराकडे गेलेला हात त्यांनी मागे घेतला.

"तांडापेठ का, बाई? बसता?" सायकलरिक्षावाल्याने विचारलं.

"नाही गा. चालतच जायचं आहे."

आणि उजेड असेतोवर पोचायचं म्हणून त्यांनी पावलं उचलली.