चाकाखालची जागा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी ठोकळा आहे. उभा केलेला ट्रक घरंगळू नये म्हणून चाकाखाली सारतात ना, तोच. तुम्ही मला पाहिलं असेल, पण लक्षात ठेवलं नसेल. त्याचं मला काही नाही. जीव जळतो तो वेगळ्याच गोष्टीनं.

जपानमधल्या हाचिनोहे बंदरातल्या एका मोडक्या होडीच्या लाकडातून कुवाबारांनी मला कापलं, तासलं आणि भोक पाडून दोरी ओवली. कुवाबारा म्हणजे मासळीच्या ट्रकांवर नवे ड्रायव्हर तयार करणारे उस्ताद. नवा माणूस ट्रक चालवायचा आणि उस्ताद कित्येक महिने बाजूच्या सीटवर बसायचे. त्यांचा एक हट्ट होता. ट्रक थांबला की मला चाकाखाली लावायचं आणि चावी काढून माझ्या दोरीला बांधायची. मग निघताना चावीसाठी खाली वाकावंच लागे, आणि वाकलं की गाडीखाली, गाडीमागे कोण आहे ते दिसे.

ओरिता चिगुसा शिकायला आली, ती आल्या आल्या कुरकुरली.

"उस्ताद, एवढ्या बर्फात चावीसाठी लोटांगण घालायचं? खिशात ठेवली तर काय बिघडतं?"

"काही नाही. तुझ्या खिशाला डोळे असतील तर खुशाल ठेव."

बंदरावर मासळीचा लिलाव होतो, त्या आवारातली फरशी धक्क्याकडे उतरती आहे, पाणी वाहून जावं म्हणून. तिथे कुणाचाही ट्रक मागे येत असला की उस्ताद खाली उतरत आणि हात वर करून म्हणत, "येऊ दे, येऊ दे." तो ड्रायव्हर जाताना मागचे दोन्ही दिवे मिचकावी. हेच त्यांच्यातलं आभार मानणं.

"तो तर पलीकडच्या कंपनीचा," चिगुसा म्हणाली, "आपली गिऱ्हाइकं पळवणारा."

"असेना का. त्याच्याही घरी कुणीतरी जेवायचं थांबलंय."

चिगुसा शिकली. तिला दुसरा ट्रक मिळाला, तेव्हा उस्तादांनी तिला माझ्यासारखाच एक ठोकळा तासून दिला. मला वाटलं, आता असंच चालत राहणार. कसलं काय.

कंपनीला नवा मालक आला. बाजूला नुसतं बसून राहणारा माणूस त्याला खपेना. त्याने उस्तादांना मासळीची खोकी धुवायला लावलं. नव्या पोरांना फोनवर एक चित्रफीत दाखवायची आणि चावी हातात द्यायची, झालं शिक्षण. माझा ट्रक हिरुकावा नावाच्या पोराकडे गेला. पोरगा वाईट नव्हता, त्याला कुणी काही शिकवलंच नव्हतं. "ट्रकला काय कुत्र्यासारखं बांधायचं?" म्हणत त्याने दोरीची चावी सोडवली आणि मला सीटमागे फेकलं.

उस्ताद हातातलं खोकं ठेवून त्याच्याकडे आले. "बाळा, उतार आहे. ठोकळा लाव."

"आजोबा, तुम्ही खोकी धुवा."

सगळे हसले. उस्ताद परत नळाशी गेले. मला फार लागलं ते.

त्या हिवाळ्यात एका सकाळी चिगुसाचा ट्रक मागे येत होता. उस्तादांनी खोकी टाकली आणि मागे जाऊन हात वर केला. त्यांच्या पाठीशी, उताराच्या वरच्या बाजूला, हिरुकावाने ट्रक थांबवला, ब्रेक अर्धवट ओढला आणि घाईने उडी मारून लिलावाकडे धावला. फरशीवर बर्फ होता. ट्रक सरकू लागल्याचं सगळ्यांत आधी मला कळलं, कारण माझं कामच ते. पण मी सीटमागे पडलेलो. "येऊ दे, येऊ..." एवढंच ऐकू आलं. उस्ताद दोन ट्रकांच्या मध्ये सापडले आणि तिथेच गेले.

मालकाने फुलं ठेवली, वाकून नमस्कार केला, भिंतीवर 'ठोकळा लावा' अशी पाटी लावली. काही दिवस सगळ्यांनी ठोकळे लावले. मग मासळीचा हंगाम आला आणि पाटीपुढे खोकी रचली गेली. हिरुकावाने पुन्हा ट्रकला हात लावला नाही.

चिगुसा मालकाकडे गेली. "नव्या पोरांच्या बाजूला मला बसू द्या."

"मग तुझा ट्रक कोण चालवणार? मी?"

तेव्हापासून रिकामा वेळ मिळाला की ती उस्तादांच्या जागी जाऊन उभी राहते आणि हात वर करते. तिच्यासाठी दिवे मिचकावणारे आता फार थोडे उरलेत.

मित्रांनो, मोठेपणी तुमच्यातलं कुणी गाडी चालवेल. निघण्याआधी एकदा खाली वाका, आणि आपल्यासाठी हात वर करून उभ्या असलेल्या माणसाला ओळख द्या. मला दुसरं काही मागायचं नाही. कुणी ऐकेल असं मात्र वाटत नाही.

आत्ताच माझा ट्रक उतारावर थांबलाय. नवा ड्रायव्हर उडी मारून गेला, चावी त्याच्या खिशात वाजली. मी सीटमागेच आहे, त्याला माझा पत्ताही नाही. खालच्या बाजूने चिगुसाचा आवाज येतोय, "येऊ दे, येऊ दे."

ट्रक अजून हललेला नाही. कुणीतरी मला उचला.