विठोबा तांडेलाची जागा

संजनाच्या कामाला नाव काय द्यावं, हे तिच्या आईलाही कधी नीट कळलं नाही. कसालच्या एका छोट्या संस्थेत ती नोकरीला होती आणि गावोगावच्या सोसायट्यांना कॉम्प्युटर शहाणपणाने कसा वापरावा हे शिकवत फिरायची. गरज नसताना चालू ठेवू नका, बिघडलेला मॉनिटर खाडीत ढकलू नका, लोकांची माहिती चव्हाट्यावर मांडू नका. लोक चहा पाजायचे, माना डोलवायचे आणि तिची पाठ फिरली की हवं तेच करायचे.

२००८च्या डिसेंबरात एका सकाळी ती बंदरावरच्या मच्छीमार सोसायटीत पोचली. सेक्रेटरी सत्यवान मोठ्या ऐटीत कॉम्प्युटरवरची एक फाइल उघडून दाखवायला लागला. आदल्या वर्षी एक होडी इंजिन बंद पडून दीड दिवस भरकटली होती. तेव्हापासून प्रत्येक तांडेलाने, म्हणजे होडीच्या प्रमुखाने, आपल्या मासेमारीच्या जागेचे जीपीएसचे आकडे सोसायटीत द्यायचे, असा ठराव झाला होता. होडी परतली नाही, तर शोधायला कुठे जायचं ते कळावं.

"चौदाच्या चौदा जणांनी दिल्यानी!" सत्यवान म्हणाला.

"ही फाइल बघता कोण कोण?"

"कोण पण. लपवूक काय आसा?"

खरंच लपवण्यासारखं काही नव्हतं. त्याच खुर्चीवरून मासळीचा व्यापारी भिकाजी कॉम्प्युटरवरचा पत्त्यांचा खेळ अर्धवट टाकून नुकताच उठला होता.

संजनाने ते आकडे भिंतीवरच्या नकाशावर एकेक करून मांडले. अकरा होड्या एका उथळ पट्ट्यात दाटीवाटीने, जिथे मासा औषधालाही मिळत नाही. दोन चक्क जमिनीवर. आणि विठोबा तांडेल तर थेट तिच्या गावात, धामापुरात, भगवतीच्या देवळासमोरच्या तळ्यात! ती हसून हसून बेजार झाली. सत्यवानाचा चेहरा मात्र उतरला.

"सख्ख्या भावाक जी जागा सांगनत नाय," संजना म्हणाली, "ती ह्या उघड्या फाइलीत कोण लिवतलो?"

तेवढ्यात विठोबाची बायको चंद्रावती रिकामी पाटी घेऊन दारात आली. विठोबा रोज नऊला किनाऱ्याला लागायचा, आता अकरा वाजले होते. फोन लागत नव्हता. सत्यवानाने नकाशावरच्या तळ्याकडे बोट दाखवलं.

"तळ्यात?" चंद्रावती कडाडली. "तेंका तळ्यात शोधतलास?"

मग पाटी खाली ठेवून ती नकाशासमोर उभी राहिली. "दोन कॅन डिझेल जाता. तांबोशी नि गोबरो असले खडकातले मासे गावतत, म्हणजे तळाक खडप आसा. घराक येतत तेव्हा सकाळच्या उन्हान उजवो गाल भाजलेलो आसता, म्हणजे दक्षिणेसून येतत. दोन कॅनांवर दक्षिणेक खडप एकच आसा." तिने नकाशावर बोट टेकवलं. "थंय जावा. बेगीन!"

दोन होड्या सुटल्या. चंद्रावती पाण्याच्या कडेला जी उभी राहिली ती हललीच नाही. तीनच्या सुमाराला विठोबाची होडी दोरीला बांधून आणली. माणसं धडधाकट होती, उपाशी होती, आणि विठोबा भयंकर चिडला होता.

"माजी जागा कोणी सांगल्यान?"

दुसऱ्या दिवशी संजनाने भाषण दिलं नाही. भिकाजीचे पत्ते काढून टाकले आणि प्रत्येक होडीची वेगळी, कुलूपबंद फाइल केली. पासवर्ड फक्त तांडेलाला आणि त्याने निवडलेल्या घरच्या एका माणसाला ठाऊक. होडी आली नाही तरच त्या माणसाने येऊन तो घालायचा. मग तांडेल एकेक करून आले, मागे वळून वळून बघत खरे आकडे देऊन गेले.

विठोबा सगळ्यांत शेवटी आला. सोबत चंद्रावती होती. त्याने आधी सत्यवानाला बाहेर काढलं.

"ती जागा आता गावाची झाली. पण माजी दुसरी आसा."

"गणपतीनंतर जातास, तीच मां?" चंद्रावती म्हणाली.

विठोबा गर्रकन तिच्याकडे वळला. "तुका दोनय म्हायत होते? इतकी वर्सां?"

"होय तर. तुमचे मासे मीच विकतंय मां?"

"नि कोणाक बोललंस नाय?"

"काल बोललंय." तिने त्याला खुर्चीकडे सारलं. "जागा गेली तर दुसरी गावतली. तुमी खंयसून गावतलास?"

विठोबा खुर्चीत बसला. एका बोटाने बराच वेळ खुडबुडत त्याने आकडे घातले. मग वाकून बायकोच्या कानात पासवर्ड सांगितला. संजना तोपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.