दोन टॅलेंट, अडतीस मिना

मी एक जुना वजनकाटा आहे. माणूस सहज उभा राहील एवढा मोठा, पायाशी लोखंडी पत्रा, मध्ये उभा खांब आणि वर थाळीएवढी तबकडी. मित्रांनो, तुम्ही मला पाहिले असेलच तर संग्रहालयाच्या तळमजल्यावर, जुन्या रांजणांच्या दालनात. माझ्यावर उभे राहून तुम्ही हसलाही असाल. त्याचा मला राग नाही. हसायचे कधी, हे तुम्हाला तिथे शिकवले जात होते.

माझी पहिली बावीस वर्षे मालगोदामात गेली. पोती, पेट्या, तारेची भेंडोळी, एकदा तर पाय बांधलेला बोकडसुद्धा मी तोलला. माझी सुई किलोत बोलायची आणि तिच्याकडे पाहून हमाल पाठीवर किती घ्यायचे ते ठरवायचे. मग विजेवर चालणारे काटे आले आणि मला जिन्याखाली ढकलले गेले. सात वर्षे माझ्यावर रंगाचे रिकामे डबे होते. कोणी ढुंकूनही पाहिले नाही.

तिथून मला संग्रहालयाच्या संचालकांनी बाहेर काढले. मोठा विद्वान माणूस. बोलू लागला की मुले जागची हलत नसत. त्यांनी माझी तबकडी उतरवून नवी बसवली. तिच्यावर प्राचीन ग्रीकांची वजने होती. शंभर ड्राक्मांचा एक मिना, म्हणजे चारशे तीस ग्रॅमच्या आसपास. साठ मिनांचा एक टॅलेंट, म्हणजे जवळजवळ सव्वीस किलो. तबकडी रंगवणाऱ्याने विचारले, "साहेब, खाली बारीक अक्षरात किलो पण लिहू का?"

"किलो दिसले तर मजा काय राहिली?" संचालक म्हणाले.

दर शनिवारी शाळांच्या सहली यायच्या. पहिल्या शनिवारी कोणाला उभे करावे म्हणून संचालकांनी इकडेतिकडे पाहिले. दाराशी पहारेकरी उभा होता. पन्नाशीचा, अंगाने भरलेला, नोकरी अजून कच्ची.

"ए, इकडे ये. मुलांनो, आमच्या पहारेकऱ्याकडे किती टॅलेंट आहे, बघू या का?"

मुले खो खो हसली. पहारेकरी लाजत माझ्यावर चढला. दोन टॅलेंट, अडतीस मिना. टाळ्यांचा कडकडाट झाला. खरे सांगतो मित्रांनो, सात वर्षांच्या अडगळीनंतर त्या टाळ्या मला फार गोड लागल्या.

तेव्हापासून तो दर शनिवारी चढू लागला. सगळे त्याला 'टॅलेंटराव' म्हणू लागले. दोन-तीन महिने सुई जागची हलली नाही. मग ती मागे सरकू लागली. दोन टॅलेंट, तीस मिना. दोन टॅलेंट, एकवीस. पायरी चढताना तो माझ्या खांबाला धरू लागला, आणि त्याच्या हाताची पकड मला आठवड्यागणिक हलकी लागू लागली.

"काय रे, टॅलेंट घटत चाललंय तुझं!" संचालक म्हणायचे. मुले आणखीच हसायची. तोही हसायचा.

त्याची बायको शिवणकाम करायची. दुपारी डबा घेऊन ती दालनाच्या दाराशी यायची. एकदा ती त्याच्या पँटचा कमरेचा घोळ चिमटीत धरून म्हणाली, "अहो, तिसऱ्यांदा आत घेतलीय ही मी. डॉक्टरकडे चला ना."

"अगं, दर शनिवारी वजन करतात माझं. साहेब स्वतः बघतात."

"मग किती भरतं?"

"दोन टॅलेंट आणि वर काहीतरी."

"दोन म्हणजे चांगलं की वाईट?"

तो जरा विचारात पडला. "टाळ्या वाजवतात. म्हणजे चांगलंच असणार."

शिकलेल्या माणसांनी मोजलेले होते. तिने आणखी काय विचारायचे?

पुढे बाहेरगावचे पाहुणे येणार होते. आदल्या दिवशी संचालकांनी त्याला माझ्यावर चढवले. दोन टॅलेंट, एक मिना. संचालकांचे डोळे चमकले.

"उद्या सकाळी काही खाऊ नकोस. पाणीसुद्धा बेतानं. बरोब्बर दोन भरला पाहिजेस."

"साहेब, सकाळी उपाशीपोटी चक्कर येते हल्ली."

"एका दिवसानं मरत नाहीस."

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा त्याचे ओठ कोरडे पडले होते. सुई दोनावर आली आणि तिथेच थांबली. "बरोब्बर दोन! ना मिना जास्त, ना मिना कमी!" संचालक ओरडले. पाहुण्यांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. दोन्ही हातांनी माझा खांब धरून पहारेकरी हसत राहिला, कारण हसायला सांगितले होते.

त्यानंतर सहा आठवड्यांनी तो माझ्यावरच कोसळला. बायको डबा टाकून धावत आली. अंगाचे मुटकुळे होऊन त्याचा सगळा भार माझ्या पत्र्यावर होता आणि सुई दाखवत होती एक टॅलेंट, चोपन्न मिना.

"साहेब," ती म्हणाली, "हे किलोत किती?"

संचालकांना कागदही लागला नाही. "एकोणपन्नास."

"आणि पहिल्यांदा उभे राहिले तेव्हा?"

"अडुसष्ट."

ती त्यांच्याकडे पाहतच राहिली. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"अहो बाई, हा हिशेब मला झोपेतही येतो," संचालक म्हणाले. मग त्यांना आपण काय बोललो ते कळले असावे, कारण ते चष्मा पुसू लागले. "पण मला वाटलं, तुम्ही घरचे बघत असाल."

नवऱ्याचे डोके मांडीवर घेऊन ती माझ्या पत्र्यावर बसून राहिली, गाडी येईपर्यंत. तेवढा वेळ मी दोघांचे मिळून वजन दाखवत होतो. ते कोणी वाचले नाही.

पुढचे मला झाडूवाल्या मावशींकडून कळले. पोटात गाठ होती. सहा महिने आधी आणायला हवे होते, असे डॉक्टर म्हणाले. तेविसाव्या दिवशी तो गेला. तो मंगळवार होता.

शनिवारी नेहमीप्रमाणे सहल आली. पूर्वी येऊन गेलेल्या एका मुलीने विचारले, "पहारेकरीकाका कुठे आहेत?"

"सुट्टीवर आहेत," संचालक म्हणाले. "चल, तूच चढ. बघू तुझ्याकडे किती टॅलेंट आहे!"

एक टॅलेंट, तीन मिना. टाळ्या वाजल्या.

मित्रांनो, मला तोंड नाही. तुम्हाला आहे. कोणाला उभे करून त्याचा आकडा वाचाल, तेव्हा तो त्याच्या घरच्यांना कळेल अशा भाषेत वाचा. आणि आकडा घसरताना दिसला, तर हसणे थांबवून त्याला खाली उतरवा, हाताला धरून डॉक्टरकडे न्या. त्या अख्ख्या वर्षात माझी सुई एकदाही चुकली नाही. हे मी अभिमानाने सांगत नाही.